खोलवाडीची पेटी

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ लिहिणारा माणूस मिनिटं खरी लिहीत नाही. दहा तेराला आलेला रुग्ण कागदावर दहा-पंधराला येतो, दोन एकेचाळीसचा दोन-चाळीसला. यात लबाडी नसते. नर्सच्या एका हातात सलाइनची नळी असते, दुसऱ्या हाताने ती रुग्णाची बाही वर सारत असते. पेन हातात येईपर्यंत मिनिटकाटा पुढे सरकलेला असतो आणि मनात राहतो तो घड्याळावरचा जवळचा ठळक आकडा. अशा शंभर नोंदी घेतल्या, तर साधारण साठ नोंदींच्या वेळेचा शेवटचा अंक शून्य किंवा पाच निघतो.

खोलवाडीच्या दवाखान्यातून जानेवारीपासून आलेल्या सर्पदंशाच्या नोंदी एकशे एकतीस होत्या. त्यांतल्या फक्त बेचाळीस शून्यात किंवा पाचात संपत होत्या. उरलेले आठ अंक जवळजवळ बरोबरीत होते, प्रत्येकी अकराच्या आसपास.

मी पंखा बंद करून पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

खोट्या वेळा रचणारा साधा माणूस सात आणि तीन हे अंक जास्त वापरतो, कारण ते त्याला सहज सुचल्यासारखे वाटतात. सगळे अंक सारखे यावेत एवढी काळजी फक्त शिकलेला माणूस घेतो. तो यादृच्छिक अंकांचा तक्ता उघडतो आणि ओळीने उतरवत जातो. मग त्याच्या हातून एकच चूक होते. आकड्यांचा नियम त्याला ठाऊक असतो, पण नर्सच्या हाताचा तो विसरतो.

खोलवाडीला असा शिकलेला माणूस एकच होता. डॉ. हर्षदा वायंगणकर, माझी नणंद. बावीस वर्षांपूर्वी तिच्या एम.डी.च्या प्रबंधासाठी जेवणाच्या टेबलावर बसून तिला संख्याशास्त्र मीच शिकवलं होतं.

ही जूनच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मी फाइल बंद केली आणि स्वतःला म्हटलं, अजून थोड्या नोंदी येऊ देत.

*

‘देवघेव’ हे घाटाखालच्या त्रेसष्ट लहान दवाखान्यांचं जाळं आहे. त्याला मधला मोठा संगणक नाही. पूर्वी अशा नोंदी एका जागी साठवत. त्या एकदा बाहेर फुटल्या आणि एकदा ज्याच्याकडे होत्या त्यानेच त्यांना कुलूप घातलं. त्यानंतर लहान दवाखान्यांनी आपले कागद कोणा एकाच्या ताब्यात द्यायचं नाकारलं. आता प्रत्येकाकडे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी असते. एखाद्या दवाखान्याने नोंद केली की तिचे तुकडे होतात आणि ते शेजारच्या पेट्या आपसांत वाटून घेतात. ज्याला जी नोंद हवी, तो तिचे तुकडे दहा ठिकाणांहून गोळा करतो. प्रत्येक तुकड्याचा एक ठसा असतो. तुकड्यातलं एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही आणि घेणारी पेटी तो तुकडा फेकून देते.

मात्र ठसा जुळतो म्हणजे तुकडा वाटेत बदलला नाही, एवढंच. तो मुळात खरा होता का, हे ठशाला ठाऊक नसतं.

हे सगळं कशासाठी, तर विषपट्टीसाठी. दंश झालेल्या माणसाच्या रक्ताचा एक थेंब पट्टीवर टाकला की सहा मिनिटांत तिचा रंग बदलतो. फिकट पिवळ्यापासून गर्द विटकरीपर्यंत. रंगावरून अंगात किती विष आहे ते कळतं. नवं प्रतिविष जपून वापरावं लागतं. कमी पडलं तर रक्त गोठत नाही, जास्त झालं तर पुढच्या रुग्णाला उरत नाही. पट्टीची प्रत्येक नवी खेप थोडा वेगळा रंग देते, म्हणून कुठल्या रंगाला किती व्हायल, म्हणजे औषधाच्या किती कुप्या, हे दर आठवड्याला नव्याने ठरवावं लागतं. त्रेसष्ट दवाखान्यांत त्या खेपेवर कोणाला किती दिल्या आणि काय झालं, यावरून. ते गणित मी करते. दर सोमवारी माझ्या सहीने, माझ्या पेटीवरून नवा तक्ता निघतो. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर घेतलेलं हे बिनपगारी काम.

जाळं सुरू झालं तेव्हा काही दवाखाने नुसतं घेत. तक्ता हवा, पण स्वतःच्या नोंदी द्यायला वेळ नाही. म्हणून मी प्रमाणाचा नियम लिहिला. जेवढं घ्याल त्याच्या ठरावीक वाट्याएवढं नवं द्या. नाहीतर तुमची रांग मागे जाईल आणि तक्ता तुमच्याकडे दोन-तीन आठवड्यांनी पोचेल. आणि जी पेटी तुटके किंवा खोटे तुकडे देईल, किंवा खोटे आहेत हे माहीत असून पुढे पाठवेल, तिच्यावर बंदी. बंदी झाली की बाकीच्या पेट्या सहा मिनिटांत एकमेकींना कळवतात. मग तिला कोणी काही देत नाही, तिच्याकडून काही घेत नाही आणि तिने पूर्वी दिलेलं सगळं गणितातून काढून टाकतात. दोन पावसाळे ती परत येऊ शकत नाही. आवाजाची आणि सहीची नक्कल हल्ली कोणीही करतं, म्हणून बंदी मागायची ती समोरासमोर, बैठकीत उभं राहून, तोंडाने.

हे सगळे नियम माझे आहेत. तेव्हा मला ते सुंदर वाटले होते.

*

“विचार तिला सरळ,” सदानंद म्हणाला. माझा नवरा वनखात्यातून निवृत्त झाला आहे आणि कुठल्याही प्रश्नावर त्याचा हा एकच उपाय असतो.

“विचारलं आणि ती हो म्हणाली तर?”

“तर काय?”

“तर मला माहीत होईल.”

तो हसला. “म्हणजे आत्ता तुला माहीत नाही?”

जुलै गेला. दर सोमवारी मी तक्ता काढत राहिले. एकदा खोलवाडीच्या नोंदींना अर्धं वजन देऊन पाहिलं आणि मग पुन्हा पूर्ण केलं, कारण अर्ध्याचं कारण देवघेवच्या समितीला सांगावं लागलं असतं.

गणपतीला हर्षदा दीड दिवस घरी आली. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी आम्ही दोघी विळी घेऊन समोरासमोर बसलो. ती अळूची देठं सोलत होती. तिचे केस बरेच पांढरे झाले होते आणि डोळ्यांखाली सूज होती.

“वहिनी, तू बारीक झालीस.”

“तुझं तू बघ.”

“मला काय झालंय? साप आणि मी. दोघं पावसाळ्यात बिझी.”

मी सोललेले मक्याचे दाणे परातीत टाकत राहिले. ती जाताना सदानंदने तिच्या पिशवीत नारळ भरले आणि ती गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, “झालं विचारून?”

*

सप्टेंबरच्या मध्यात डॉ. इग्नेशियस लोबोंचा फोन आला. लोबो सत्तरीचे, देवघेवच्या पाच विश्वस्तांतले सगळ्यात जुने. सावंतवाडीच्या बाजूला त्यांचा बारा खाटांचा दवाखाना आहे.

“शैलजाबाई, तुमचा तक्ता हल्ली कंजूस झालाय काय हो?”

“का?”

“अठ्ठावीस ऑगस्टला एक बाई आली. विजया धुरी. चौतीस वर्षांची, काजूच्या कारखान्यात सोलायला जाते. लाकडाच्या ढिगामागे फुरसं चावलं. पट्टी मधली नारिंगी. तक्ता म्हणाला चार व्हायल. मी चार दिल्या, आज्ञाधारक माणूस मी. सकाळी हिरड्यांतून रक्त. मग आणखी नऊ दिल्या. पण तोवर किडन्या बसल्या.”

“आता?”

“आठवड्यातून तीनदा डायलिसिस.”

“किती दिवस?”

“ते किडनी ठरवेल. घरी दोन मुली आहेत तिच्या. नवरा विचारतो, डॉक्टर, औषध कमी दिलं काय? मी म्हटलं, नाही रे बाबा, यंत्राने सांगितलं तेवढं दिलं.” ते खाकरले आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, “तुमची चूक म्हणत नाही हां. एकदा आकडे बघा फक्त. आमच्या वेळी आम्ही रंग बघत नव्हतो, डोळे बघत होतो.”

फोन ठेवून मी खोलवाडीच्या सगळ्या नोंदी बाजूला काढल्या आणि ऑगस्टच्या त्या आठवड्याचा तक्ता पुन्हा चालवला. फुरसं, मधली नारिंगी, पंचेचाळीस ते पंचावन्न किलो वजन.

नऊ.

मी तो आकडा एका कागदावर लिहिला, त्याच्याशेजारी चार लिहिले आणि कागद सदानंदपुढे ठेवला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“उद्या जातेस का तिच्याकडे?” तो म्हणाला. “मी येत नाही. मी आलो तर तुम्ही दोघी माझ्याशी बोलाल.”

*

खोलवाडीला दिवसातून दोनदा बॅटरीवरची एस.टी. जाते. शेवटचे अकरा किलोमीटर ती माणसाच्या चालीने चढते. दरीत फोन लागत नाही, डोंगरावरच्या रिले-मनोऱ्यामुळे पेटी तेवढी चालते. दवाखाना म्हणजे ट्रस्टने बांधलेल्या चार खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. मी पोचले तेव्हा पडवीत माणसं जमली होती. नर्स प्रभाने मला ओळखलं आणि आत वळून ओरडली, “डॉक्टर, तुमची वहिनी इली!”

“थांबायला सांग तिला,” आतून आवाज आला.

गवत कापताना सोमा गावकर नावाच्या पन्नाशीच्या माणसाच्या अंगठ्याला फुरसं चावलं होतं. तो खाटेवर बसून मुलाला दटावत होता, “गायीक पाणी कोण दाखवतलो? तू हयसर कित्याक उभो?” अंगठा फुगून काळसर झाला होता. प्रभाने पट्टी उजेडात धरली. मधली नारिंगी. पेटीच्या पडद्यावर तक्ता उघडलेला होता आणि मी भिंतीला टेकून उभी होते तिथूनही आकडा वाचता येत होता. पाच.

“प्रभा, दहा काढ,” हर्षदा म्हणाली.

प्रभाने एकदाही पडद्याकडे बघितलं नाही. तिला सवय असावी. तिने दहा व्हायल मोजून ट्रेमध्ये ठेवल्या आणि कागदावर वेळ लिहिली. मी वाकून पाहिली. बारा-पाच. माझ्या घड्याळात बारा सात झाले होते.

“तक्त्यात पाच आहेत,” मी म्हटलं.

“वाचता येतं मला, वहिनी.”

तासाभराने सोमाचं रक्त काचेच्या नळीत नीट गोठलं. तो झोपला. हर्षदा मागच्या दारी हात धुवायला गेली आणि मी तिच्यामागे गेले.

“किती?” मी विचारलं.

तिने काय किती, असं विचारलं नाही. “एक्याण्णव.”

“मोजून ठेवल्यास.”

“तुझ्याकडेच शिकले.” तिने नळ बंद केला. “कशावरून कळलं?”

“मिनिटांवरून.”

ती खरोखर हसली. “प्रभाची घड्याळं! मी रोज बघते तिला लिहिताना. रोज!”

“हर्षदा, का?”

“तुला माहीत नाही? घाटरस्ता रुंद झाला, अर्धे रुग्ण गाडी करून परस्पर गोव्याच्या मोठ्या इस्पितळात जायला लागले. ज्यांना गाडी परवडत नाही ते उरले माझ्याकडे. वर्षाला दीडशे नोंदी व्हायच्या, त्या पाऊणशेवर आल्या. तुझ्या प्रमाणात मी बसेना. तक्ता एकोणीस दिवसांनी यायला लागला. गेल्या डिसेंबरात पार्वती नाईक आल्या. पट्टी नव्या खेपेची, तक्ता जुन्या खेपेचा. मी तक्त्याप्रमाणे दिलं. गेल्या.” ती पदराला हात पुसत होती, ते केव्हाच कोरडे झाले होते. “त्याआधी मी अर्ज केला होता तुझ्या समितीला. लहान दवाखान्यांना प्रमाणात सूट द्या म्हणून. उत्तर आठवतंय?”

आठवत होतं. मीच लिहिलं होतं. “नियम सर्वांना सारखा.”

“पूर्णविरामासकट एवढंच.”

आत सोमा घोरायला लागला होता. मी विचारलं, “एक्याण्णव नोंदींत एकही दगावलेला नाही. गर्द विटकरी पट्टी एकही नाही. सगळ्या मधल्या, सगळे चार-पाच व्हायलमध्ये बरे. असं का केलंस? थोडं तरी खऱ्यासारखं करायचंस.”

“बसले होते तशी एकदा. वय लिहिलं, गाव लिहिलं, ‘मृत्यू’वर खूण करायला गेले.” तिने मान हलवली. “मला कोणाला खोटंसुद्धा मारवेना, वहिनी. म्हटलं, हे निदान सगळे घरी जाऊ देत.”

मी पायरीवर बसले.

“नऊ हजार नोंदींत माझ्या नव्वदांनी काय बिघडणार, असं वाटलं मला,” ती म्हणाली.

“नऊ हजार सगळ्या मिळून. फुरसं, मधली नारिंगी, चालू खेप, असं बघितलं तर एकशे बाराच उरतात. त्यातल्या चौऱ्याऐंशी तुझ्या.”

ती उभीच राहिली. डॉक्टर होती, पण प्रबंधाचं गणित माझ्याकडून चोख शिकलेली विद्यार्थिनीही होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

“दुप्पट कधीपासून देतेस?”

“जुलै. एका बाईचं रक्त पाचमध्ये थांबेना. तेव्हा लक्षात आलं की तक्ता कमी सांगतोय.”

“तुझ्यामुळे कमी सांगतोय, हे लक्षात आलं?”

“आलं.”

“आणि बाकीच्यांना कळवलं नाहीस.”

“कळवलं असतं तर पेटी बंद. इथून जवळचा दुसरा दवाखाना एक तास चाळीस मिनिटं, जीप वेळेवर चालू झाली तर. सोमाला एक तास चाळीस मिनिटं पुरली असती? मला वाटलं, बाकीचे डॉक्टरही माणसाकडे बघूनच देत असतील. माझ्यासारखे.”

“लोबोंनी तक्त्याप्रमाणे दिलं.” मग मी तिला विजया धुरीचं सगळं सांगितलं. वय, काजूचा कारखाना, दोन मुली, आठवड्यातून तीनदा.

हर्षदा माझ्याशेजारी पायरीवर बसली.

“कोणती तारीख म्हणालीस?”

“अठ्ठावीस ऑगस्ट.”

“तुला माझं कधी कळलं?”

“जूनच्या शेवटी.”

ती माझ्याकडे वळली नाही. आवाजही चढवला नाही. “म्हणजे गणपतीला तू माझ्यासमोर बसून भाजी निवडत होतीस तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“तक्ता दर सोमवारी तुझ्या सहीने येतो, वहिनी.”

“अकरा आले,” मी म्हटलं. “जूननंतर अकरा.”

प्रभा चहा घेऊन आली, आम्हा दोघींची तोंडं बघून कप पायरीवर ठेवून गेली. चहा पिऊन झाल्यावर हर्षदाने हलक्या आवाजात एक मार्ग सुचवला. “मी यादी देते. जूनपर्यंतच्या खऱ्या चाळीस कोणत्या, खोट्या एक्याण्णव कोणत्या. त्या काढून टाक. पेटी राहू दे. आणि जुन्यांत चापड्याच्या दंशाच्या सतरा नोंदी आहेत बघ. चापडा दुसऱ्या कोणाकडे नाही. बंदी आली की त्याही जातील.”

“तुझ्या यादीवर विश्वास कोणी ठेवायचा?”

“तू.”

“मी ठेवते. त्रेसष्टांनी का ठेवावा? उद्या दुसरा कोणी खोटं देईल, पकडला गेला की यादी देईल.”

“नियम सर्वांना सारखा,” ती म्हणाली. टोमणा मारायचा होता, पण तिच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. वाक्य नुसतं अंगणात पडून राहिलं.

परतीची एस.टी. साडेचारला होती. ती मला वळणापर्यंत सोडायला आली. म्हणाली, “रविवारी बैठक आहे ना? मी येईन. माझ्या पाठीमागे बोलू नकोस.”

*

बैठक कुडाळच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत होती. येणाऱ्याने फोन बाहेरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि हजेरीच्या वहीत हाताने सही करायची. चाळीसेक डॉक्टर आले होते, काही लांबच्या वाड्यांतून. हर्षदा तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. प्रवासात चुरगळलेली सुती साडी, मांडीवर पर्स. मी आत शिरताना एवढंच म्हणाली, “प्रभाला सांगून आलेय, जीपची बॅटरी रोज पूर्ण भरून ठेव.” आणि सरकून मला वाट दिली.

पहिला विषय माझाच होता, लेखी दिलेला. प्रमाणाचा नियम रद्द करावा. नोंदी कमी म्हणून कोणाचाही तक्ता रोखू नये. मी दोन पानांचं टिपण वाचलं. खेपांचे रंग, उशिराचे दिवस, कोणत्या दवाखान्यांत उशिरामुळे काय झालं त्याचा तक्ता. लोबोंनी विचारलं, कोणाचा विरोध? नव्हता. मालवणच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तर विचारलं, “हे आधी का नाही केलं?” सगळ्यांनी हात वर केले. दहा मिनिटं लागली असतील. इतकं सोपं होतं ते. मला खुर्चीवर बसवेना, म्हणून मी उभीच राहिले.

“बसा, शैलजाबाई,” लोबो म्हणाले. “नियम पुढच्या महिन्यापासून लागू. तुमचा दुसरा विषय तोंडी आहे म्हणून लिहिलंय.”

“हो.”

तोंडी म्हटल्यावर खोलीतली कुजबुज थांबली. तोंडी विषय एकच असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. देवघेवच्या सात वर्षांत तो दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा तुटके तुकडे देणाऱ्या मोठ्या दवाखान्यांसाठी.

लोबोंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या नजरेच्या दिशेने तिसऱ्या रांगेकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं मिस्कील हसू हळूहळू ओसरताना मला दिसलं. विजया धुरीच्या चार व्हायल आणि खोलवाडी यांचा संबंध त्यांनी मनातल्या मनात जोडला असावा.

“बाई,” ते म्हणाले, “अजून आकडे तपासायचे असतील तर पुढच्या बैठकीत घेऊ. घाई नाही.”

ते माझ्यासाठी दार उघडं धरत होते. अकरा आठवडे मी हेच वाक्य स्वतःला म्हणत आले होते, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून कसं ऐकू येतं ते मला आत्ता कळलं. मी हर्षदाकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, डोळेही खाली घातले नाहीत. ती फक्त थकलेली होती आणि वाट बघत होती, जशी रुग्णाचं रक्त गोठायची वाट बघते तशी.

नियम असा की उभं राहून आधी आपलं नाव सांगायचं, मग पेटीचं, मग एका वाक्यात कारण. मी टिपणाचे कागद खुर्चीवर ठेवले.

“मी शैलजा वायंगणकर,” मी म्हटलं. आवाज हवा होता त्यापेक्षा लहान आला, म्हणून पुन्हा सुरुवात केली. “मी शैलजा वायंगणकर. मी दोन पेट्यांवर बंदी मागते. खोलवाडीच्या, कारण तिथून एक्याण्णव खोट्या नोंदी आल्या. आणि माझ्या, कारण त्या खोट्या आहेत हे माहीत असून मी त्यांवरून अकरा तक्ते काढले आणि तुम्हा सगळ्यांना पाठवले.”